पत्र दाखवलंत, पाकीट कुठाय?

कॅनडातल्या अभिलेखागारांना पाचपैकी किती तारे, असं कुणी विचारलं तर माझे गुण विषयवार आहेत. तिथल्या माणसांना पाच. कागद सांभाळण्याला पाच. याद्या लावण्याला साडेतीन. आणि पाकिटांच्या बाबतीत दोन, तेही पदरचे घालून.

पाकिटांचं एवढं काय, तर माझी उभी नोकरी आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेत गेली, सॉर्टिंगला. पत्रात काय लिहिलंय याच्याशी आम्हाला कधी कर्तव्य नव्हतं. आमचा सगळा व्यवहार पत्राच्या बाहेरच्या बाजूशी. पत्ता काय, तिकीट किती, शिक्का कुठला, कुठं अडकलं, कुठून परत फिरलं. आता निवृत्तीनंतर लेकाकडे विनिपेगला असते. इथल्या हिवाळ्यात पारा उणे तीसवर जातो. अशा दिवसांत शहराच्या मध्यावर एक उबदार इमारत आहे, आत जायला पैसे पडत नाहीत, दीडदोनशे वर्षांपूर्वीचं टपाल मागितलं तर वाचायला मिळतं आणि ‘उठा आता’ असं कुणी म्हणत नाही, हे कळल्यावर मी घरात बसून राहणार होते का? सूनबाईने पहिल्या दिवशी दारात सोडलं तेव्हा तिला वाटलं, तासाभरात न्यायला बोलावतील. शेवटी तीच आत शोधत आली.

ही इमारत म्हणजे व्हॉन स्ट्रीटवरचं मॅनिटोबा आर्काइव्हज. मूळचं हे शहराचं ऑडिटोरियम. मंदीच्या काळात बेकारांच्या हाताला काम म्हणून बांधलेलं, १९३२ सालचं. पुढे त्यात कागद आले. यातला मोठा ठेवा हडसन्स बे कंपनीचा. फरच्या, म्हणजे केसाळ कातड्यांच्या व्यापारासाठी १६७० मध्ये इंग्लंडच्या राजाने सनद दिलेली ही कंपनी. तिच्या लंडनच्या कचेरीतलं दप्तर १९७४ मध्ये विनिपेगला आलं, १९९४ मध्ये कंपनीने ते प्रांताला देऊनच टाकलं आणि २००७ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारशाच्या दस्तऐवजांत घेतलं. जवळच पोर्टेज अॅव्हेन्यूवर कंपनीचं भलंमोठं दुकान होतं, ते २०२० मध्ये बंद झालं. २०२५ मध्ये देशभरातली उरलीसुरली दुकानंही गेली. दुकान बुडालं, दप्तर राहिलं.

या दप्तरात माझ्यासारखीने सरळ जाऊन मागावी अशी एक गोष्ट आहे. बटवडा न झालेली पत्रं. १८३० ते १८५७ या काळात उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या कंपनीच्या नोकरांना आणि खलाशांना घरून आलेली, पण त्यांच्या हाती कधीच न पडलेली. ऑर्कनी बेटांवरून, स्कॉटलंडमधून, इंग्लंडमधून आई, बायको, भाऊ, लग्न ठरलेली मुलगी, कुणीही लिहायचं आणि लंडनच्या कचेरीत पाठवायचं. कचेरी ते कंपनीच्या जहाजात घालायची. जहाज दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला वळसा घालून कोलंबिया नदीवरच्या फोर्ट व्हँकूव्हरला जायचं. (हे आजचं व्हँकूव्हर शहर नव्हे. ती जागा आता अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात आहे. इथं जन्म काढलेल्या लोकांचाही यात घोळ होतो.) प्रवासालाच कित्येक महिने. तोवर ज्याच्या नावचं पत्र तो बुडून मेलेला असायचा, नाही तर जहाज सोडून पळालेला, नाही तर नोकरीची मुदत संपवून उलट दिशेने घराकडे निघालेला. म्हणजे पत्र आणि माणूस समुद्रात कुठंतरी एकमेकांना ओलांडून गेले. मग ते पत्र पुन्हा लंडनला, आणि कचेरीत फाइलबंद.

आमच्या खात्यात असं पत्र आरएलओला, म्हणजे बटवडा न झालेल्या पत्रांच्या कचेरीला जायचं. तिथं उघडून पाठवणाऱ्याचा पत्ता सापडतो का बघायचं, सापडला तर परत करायचं, नाही तर मुदत संपली की नष्ट. कंपनीला तसली मुदत कुणी घालून दिली नव्हती, म्हणून ही वाचली. ज्या पत्रांचा बटवडा झाला ती चुलीत गेली, उंदरांनी खाल्ली, घर बदलताना हरवली. ज्यांचा बटवडा फसला ती आज तापमान राखलेल्या खोलीत सुखरूप आहेत. सॉर्टर म्हणून मला हे पचायला जड जातं, पण आहे हे असं आहे.

आता कागदाकडे बघू. १८४० पर्यंत ब्रिटनमध्ये टपालाचा दर अंतरावर आणि किती कागद आहेत यावर ठरायचा, आणि पाकीट घातलं तर तोही एक कागद धरायचे. दुप्पट पैसे कोण भरणार? म्हणून एक मोठा ताव घ्यायचा, लिहायचा, घड्या घालून त्याचंच पुडकं करायचं, लाखेने चिकटवायचं आणि वर आलेल्या कोऱ्या चौकोनावर पत्ता घालायचा. म्हणजे पत्र आणि पाकीट एकच. ताव उलगडला की एक चौकोन बाकीच्यांपेक्षा मळकट दिसतो. तेवढाच भाग बाहेर होता, तेवढ्यालाच हात लागले, तेवढाच पोत्यात घासला. लाखेचा लाल डाग, आणि फोडताना त्याबरोबर निघालेला कागदाचा टवका, त्यामुळे आतल्या दोन-तीन ओळींतले शब्द गायब. जागा संपली की काही लोक ताव काटकोनात फिरवून लिहिलेल्यावरूनच आडवं लिहीत. पहिल्यांदा बघितलं की डोळे गरगरतात. युक्ती एवढीच की एका दिशेची ओळ धरायची आणि दुसरी दिसतच नाही असं स्वतःला बजावायचं. पाचेक ओळींनंतर जमतं.

मूळ कागद दर वेळी हातात मिळेलच असं धरू नका. कुठल्याही चांगल्या आर्काइव्हमध्ये मायक्रोफिल्म किंवा डिजिटल प्रत झालेली असेल तर आधी तीच पुढे करतात, आणि ते बरोबरच आहे. या न पोचलेल्या पत्रांचं तर २००३ मध्ये पुस्तकही निघालंय. पण पुस्तकात वाचल्यावर पुढची पायरी विनिपेगच्या वेबसाइटवर आहे, ती बरेच जण चुकवतात. कंपनीच्या नोकरांची आडनावांनुसार लावलेली माहितीपत्रकं आहेत, फुकट उघडतात. कुठल्या गावचा, कधी नोकरीला लागला, कुठल्या ठाण्यावर किती वर्षं, पुढे काय झालं. घरून आलेलं पत्र एका बाजूला आणि हे पत्रक दुसऱ्या बाजूला ठेवून वाचायला बसलं की दुपारच्या जेवणाची आठवण राहत नाही. आई खुशाली विचारतेय त्या तारखेला हा गडी होता कुठं, ते कळतं.

वाचनकक्षाचे नियम सगळीकडे साधारण सारखे. पेन आत नाही, फक्त पेन्सिल. पिशवी, कोट, पाण्याची बाटली लॉकरमध्ये. टेबलावर एका वेळी एकच पेटी, पेटीतून एकच फोल्डर, आणि कागदांचा क्रम हलवायचा नाही. जाड वह्यांना टेकू म्हणून फोमच्या उशा देतात, पान मिटू नये म्हणून कापडात भरलेल्या वजनाच्या दोऱ्या. सिनेमातले पांढरे हातमोजे विसरा. कागदाला हात धुऊन, कोरडे करून लावायचा, कारण मोज्यात बोटाला कागद कळत नाही आणि तो फाटतो. फोटोंना मात्र मोजे घालायला लावतात. फ्लॅश न वापरता फोटो काढायला बहुतेक ठिकाणी हरकत नसते, फक्त आधी विचारायचं.

पाच तारे ज्यांना दिले त्या माणसांबद्दल. मी ना संशोधक, ना विद्यापीठाची, माझं इंग्रजी नोकरीपुरतं. विनिपेगच्या टेबलावरच्या बाईंनी ‘तुम्ही कोण’ हे विचारलंच नाही, ‘काय शोधताय’ एवढंच विचारलं. मी एक आडनाव सांगितलं. यादीत नव्हतं. त्यांनी पेन्सिलीने चिठ्ठीवर त्याच आडनावाची आणखी चार स्पेलिंगं लिहून दिली. जुने कारकून कानाला ऐकू येईल तसं लिहीत. तिसऱ्या स्पेलिंगवर सापडलं. हे काम आम्ही रोज करायचो, फाटक्या पत्त्यांवर. समव्यवसायी माणूस भेटल्याचा आनंद झाला.

ओटावाचा अनुभव वेगळा. लायब्ररी अँड आर्काइव्हज कॅनडा ही देशाची मुख्य संस्था. १८७२ साली सुरू झालेलं सरकारी आर्काइव्ह आणि १९५३ सालचं राष्ट्रीय ग्रंथालय २००४ मध्ये एकत्र करून झालेली. वेलिंग्टन स्ट्रीटवरची इमारत १९६७ ची. पण कागद तिथं नसतात. नदीपलीकडे गॅटिनोला १९९७ मध्ये उघडलेलं जतन केंद्र आहे, काचेच्या आणि पोलादाच्या आवरणात उभी केलेली काँक्रीटची इमारत, आत ४८ कोठारं. आपल्याला तिथं प्रवेश नाही, तिथून पेटी आपल्याकडे येते. म्हणून आज गेलं आणि आज बघितलं असं होत नाही. फोटो असलेलं ओळखपत्र दाखवून वाचकाचं कार्ड काढायचं, पेटीचे क्रमांक आधी ऑनलाइन मागवायचे, वेळ ठरवायची आणि मग जायचं. लेकाकडे चार दिवस आलेले आईवडील संसद बघून झाल्यावर सहज डोकावतील, अशी ही जागा नाही.

कॅटलॉग हा खरा अडथळा आहे. इथं कागद विषयवार लावत नाहीत, कुणाकडून आले त्याप्रमाणे लावतात. एका माणसाचे, घराण्याचे किंवा कचेरीचे सगळे कागद एका गठ्ठ्यात, त्या गठ्ठ्याला ‘फाँड’ म्हणतात. पद्धत योग्य आहे, पण ‘प्रेमपत्रं, १९१६’ असं शोधून काही हाती लागत नाही. पत्र कुणी लिहिलं त्यापेक्षा ते शेवटी कुणाच्या कपाटात राहिलं, हे माहीत असावं लागतं. आणि यादीत बऱ्याचदा ‘पत्रव्यवहार, ३ फोल्डर’ एवढंच. आत कुणाकुणाची पत्रं आहेत ते पेटी उघडल्यावर कळणार. साडेतीन गुण त्यासाठी.

पण त्याच ओटावाच्या संग्रहात पत्रांची एक अशी रास आहे की मी ती वाचताना पाकिटांचं भांडण विसरले. १९४२ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरून जपानी वंशाच्या वीस हजारांहून जास्त लोकांना उठवून आत, डोंगरांकडे नेलं. त्यांची घरं, शेतं, मासेमारीच्या होड्या सांभाळायच्या म्हणून ‘कस्टोडियन’च्या सरकारी कचेरीने ताब्यात घेतल्या आणि १९४३ पासून मालकांना न विचारता विकायला काढल्या. लोकांनी त्या कचेरीला पत्रं लिहिली. अशी तीनशेच्या आसपास निषेधाची पत्रं संशोधकांनी सरकारी फाइलींतून हुडकून काढली आणि बर्नबीच्या निक्केई संग्रहालयाने त्यांचं ऑनलाइन प्रदर्शन मांडलं. ओटावाला जायची गरज नाही, घरी बसून वाचता येतात. बहुतेकांची भाषा अत्यंत अदबीची, अर्जाची. शिवी नाही, आकांत नाही. आमच्या घराची ही किंमत आम्हाला मान्य नाही, आम्ही या देशाचे नागरिक आहोत, विक्री रद्द करा. सरकारने माफी मागितली आणि भरपाई दिली ती १९८८ मध्ये.

सरकारी फाइलीचा एक फायदा तिथं कळतो. आलेल्या पत्रामागे गेलेल्या उत्तराची कार्बन प्रतही लावलेली असते, त्यामुळे दोन्ही बाजू वाचायला मिळतात. घरगुती संग्रहात असं क्वचितच. रणांगणावरून आलेली पत्रं घरी जपली जातात, घरून गेलेली चिखलात जातात. म्हणून लॉरेन्स रॉजर्सची पेटी दुर्मीळ. क्युबेकमधल्या ईस्ट फार्नमचा हा शेतकरी पहिल्या महायुद्धात गेला. त्याची आणि बायकोची मिळून दोनशेहून अधिक पत्रं घराण्याकडून कॅनेडियन वॉर म्युझियमकडे आली. त्याच्या दहा वर्षांच्या मुलीने, एलीनने, बाबाला सोबत म्हणून आपलं छोटं टेडी बेअर पाठवलं होतं. १९१७ मध्ये पॅशनडेलला तो मारला गेला तेव्हा ते त्याच्या खिशात होतं, आणि ते घरी परत आलं. डोळे नाहीत, पाय नाहीत, तळहातावर मावेल एवढं. लहान मुलांना घेऊन जाणार असाल तर संग्रहालयातली तोफा-रणगाड्यांची दालनं घाईने उरकलीत तरी चालेल, या अस्वलाची गोष्ट मात्र नीट सांगा.

पहिल्या महायुद्धातल्या कॅनडाच्या सैनिकांच्या फाइली शोधणाऱ्यांसाठी एक सूचना. ६,२२,००० हून अधिक फाइली पूर्ण स्कॅन होऊन २०१८ पासून ओटावाच्या वेबसाइटवर फुकट आहेत. पण त्यात पत्रं नसतात. भरतीचा अर्ज, दवाखान्याचे कागद, पगाराच्या नोंदी, बदल्या. लोक मोठ्या आशेने उघडतात आणि दातांचा तक्ता बघून परत येतात. पत्रं हवीत तर नानाइमोच्या व्हँकूव्हर आयलंड युनिव्हर्सिटीचा ‘कॅनेडियन लेटर्स अँड इमेजेस प्रोजेक्ट’ बघा. २००० सालापासून चालू आहे. लोक घरातली पत्रं, फोटो, डायऱ्या पाठवतात, ते स्कॅन करून मूळ वस्तू घरी परत करतात. पत्रं जशीच्या तशी, काटछाट न करता, चुकांसकट ठेवतात. सगळ्यांत कमी डामडौल आणि सगळ्यांत जास्त वाचनीय.

अशा संग्रहांत ब्रिटिश सैन्याचं छापील फील्ड पोस्टकार्ड हमखास भेटतं. कॅनडाचे सैनिकही तेच वापरायचे. त्यावर वाक्यं आधीच छापलेली. मी ठीक आहे. मला रुग्णालयात दाखल केलं आहे. तुझं पत्र, तार, पार्सल मिळालं. सवडीने पत्र लिहितो. आणि शेवटी, तुझं पत्र आलेलं नाही, त्यापुढे दोन पर्याय, ‘अलीकडे’ किंवा ‘बरेच दिवसांत’. नको ती वाक्यं खोडायची, खाली सही आणि तारीख. याखेरीज एक शब्द जरी लिहिला तरी कार्ड नष्ट करू, असं वरच छापलेलं. सेन्सॉरचं काम वाचवणारी ही युक्ती, आणि सॉर्टिंगच्या दृष्टीने तर स्वप्नच. पण खोडलेल्या रेघा बघा. कुणी पट्टी लावून सरळ मारल्यात, कुणी घाईत गिरगटल्यात. ‘अलीकडे’ खोडून ‘बरेच दिवसांत’ ठेवणाऱ्याचा राग मला एवढ्या वर्षांनंतरही समजला.

आता पाकिटांचं. एका छोट्या संग्रहात, नाव घेत नाही, दुसऱ्या महायुद्धातल्या एका नर्सची पत्रं मागवली होती. पत्रं सुरेख, घड्या उलगडून, आम्लरहित फोल्डरात क्रमाने. बऱ्याच पत्रांवर नुसता वार, तारीखच नाही. मी पाकिटं मागितली. उत्तर मिळालं की कागद आले तेव्हा जागेअभावी पाकिटं ठेवली नाहीत. जी थोडी वाचली होती त्यांची तिकिटं कुणीतरी कोपऱ्यासकट कापून नेलेली, म्हणजे शिक्का गेला, शिक्क्यावरची तारीख गेली, टपाल कुठल्या ठाण्यातून निघालं तेही गेलं. सेन्सॉरने कडेला पट्टी चिकटवली होती का, पत्ता बदलून पुढे धाडलं होतं का, किती ठिकाणी फिरून पोचलं, काहीच कळायला मार्ग नाही. मग अभ्यासक दहा पानं खर्चून ‘हे पत्र बहुधा वसंतातलं असावं’ असं लिहितात. अहो, शिक्का बघितला असता तर एका सेकंदाचं काम होतं! आणि ऑनलाइन स्कॅन बघा, पत्राची पुढची बाजू ठणठणीत, मागची बाजू कोरी म्हणून वगळलेली, पाकीट असलंच तर फक्त समोरून. येतानाचा शिक्का पाकिटाच्या पाठीवर मारतात हे यांना कुणी सांगायचं?

ओटावाला मात्र टपालवाल्यांसाठी एक खाऊ आहे. कॅनडाच्या टपाल खात्याचं जुनं दप्तर आणि तिकिटांचा मोठा संग्रह त्यांच्याकडेच आहे, आणि पोस्ट ऑफिसं व पोस्टमास्तर यांची शोधता येणारी यादी ऑनलाइन आहे. गावाचं नाव टाका, कोण कधीपासून कधीपर्यंत पोस्टमास्तर होता आणि जागा रिकामी का झाली तेही येतं. राजीनामा, मृत्यू, बडतर्फी. मी ही यादी कादंबरीसारखी वाचते, आणि लेक म्हणतो, “आई, आता बास.”

त्या यादीचा माझा आवडता कोपरा प्रिन्स एडवर्ड आयलंडवरचं कॅव्हेंडिश. तिथलं पोस्ट ऑफिस एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात चालायचं. आजोबा गेल्यावर आजीने चालवलं, नात मदतीला. ही नात म्हणजे लुसी मॉड माँटगोमेरी, १९०८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अॅन ऑफ ग्रीन गेबल्स’ कादंबरीची लेखिका. कथा मासिकांना पाठवायची, साभार परत आलेलं पाकीट स्वतःच उचलायची, गावात कुणाला पत्ता लागायचा नाही. पोस्ट ऑफिस घरात नसतं तर इतक्या वेळा नकार सोसून पाठवत राहण्याचं धाडस झालं नसतं, असं तिनेच म्हणून ठेवलंय. स्कॉटलंडच्या मॅकमिलन आणि अल्बर्टाच्या वेबर या दोन पत्रमित्रांशी तिचा पत्रव्यवहार जवळजवळ चार दशकं चालला. ती पत्रं ओटावाला आहेत, रोजनिश्या ग्वेल्फ विद्यापीठात.

आणि तिच्या चिकटवह्या, स्क्रॅपबुकं. १८९० च्या दशकापासून सुरू झालेल्या बेटावरच्या वह्या शार्लटटाउनच्या कॉन्फेडरेशन सेंटरकडे आहेत. पानं ऑनलाइन बघता येतात आणि एकेका पानावर रेंगाळावं अशी आहेत. मासिकातली फॅशनची चित्रं, वर्तमानपत्रातली कात्रणं, लग्नाची निमंत्रणं, वाळलेली फुलं, कपड्यांचे तुकडे, चक्क मांजरीचे केस. कोण कुणाच्या शेजारी चिकटवलंय यात तिची थट्टा असते, शेजारच्या पानावर तिचा सूड असतो. चिठ्ठी किंवा मथळा फारसा नाही, ओळखा पाहू असा सगळा प्रकार. रोजनिशी तिने पुढे स्वतः नीट उतरवून काढली, म्हणजे लोक वाचणार हे धरून. चिकटवहीत ती तेवढी सावध नाही.

आर्काइव्हवाल्यांना चिकटवही म्हणजे डोक्याला ताप, हेही खरं. खळ आणि डिंकाला किडे लागतात, वर्तमानपत्राचा कागद आम्लामुळे पिवळा पडून शेजारच्या पानावर आपला डाग उमटवतो, फुलांमुळे वही मोदकासारखी फुगते आणि शिवण उसवते. पूर्वी काही ठिकाणी सरळ वही उसवून फोटो फोटोंच्या खात्यात, पत्रं पत्रांच्या खात्यात पाठवत. हे वाचल्यावर मला घाम फुटला. आता तसं करत नाहीत. पानांमध्ये पातळ कागद घालतात, वहीच्या मापाची पेटी करतात आणि आहे त्या स्थितीत ठेवतात. पण यादीत अजूनही ‘१ स्क्रॅपबुक’ एवढीच नोंद असते, आत दोनशे वस्तू का असेनात.

व्हँकूव्हर शहराच्या आर्काइव्हमध्ये थोडाच वेळ काढता आला. व्हॅनिअर पार्कमधली १९७२ ची अर्धी जमिनीत असलेली इमारत, मेजर मॅथ्यूज या पहिल्या अभिलेखपालाच्या नावाची. हा हट्टी गृहस्थ शहराचे कागद स्वतःच्या घरात साठवायचा, १९३३ मध्ये नेमणूक झाली ती १९७० मध्ये मरेपर्यंत सोडली नाही. जुन्या फोटोंवर त्याच्याच हातची टिपणं आहेत. आपल्याला जवळचा विषय तिथं कोमागाता मारूचा. १९१४ मध्ये ३७६ प्रवासी घेऊन आलेलं हे जहाज, बहुतेक पंजाबी, दोन महिने बंदरात अडवून ठेवलं आणि मोजके सोडून सगळ्यांना परत धाडलं. त्यावरचा मोठा पत्रव्यवहार खासदार स्टीव्हन्सच्या कागदांत आहे, म्हणजे त्यांना उतरू देऊ नका म्हणणाऱ्याच्या. टंकलेखन स्वच्छ, भाषा सहज. जहाजावरच्यांची बाजू त्या फोल्डरांत शोधू नका. सायमन फ्रेझर विद्यापीठाने या विषयावर वेगळी वेबसाइट केली आहे, दोन्ही शेजारी शेजारी उघडून वाचा.

कुणाच्या घरात जुनी पत्रं असतील आणि इथं कुठं द्यायचा विचार असेल तर तिकिटं कापून नातवाच्या अल्बमात चिकटवू नका, पिना काढा, रबरबँड काढा आणि क्रम लावण्याच्या भरीला पडू नका. कपाटात जसं होतं तसंच द्या. देताना करारावर सही असते, त्यात कुणाला कधीपासून बघू द्यायचं हे आपण ठरवू शकतो, ते नीट वाचा.

आणि वाचनकक्षात काढलेले फोटो लगेच व्हॉट्सअॅपवर फिरवायचा मोह होईल. स्वतःच्या अभ्यासाला हरकत नाही, पण छापायचं किंवा जाहीर करायचं तर हक्क कुणाचा ते बघावं लागतं. पत्राचा कागद आर्काइव्हचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा असू शकतो. कॅनडात ही मुदत २०२२ च्या अखेरीस मृत्यूनंतर ५० वर्षांवरून ७० वर्षांवर गेली, आणि न छापलेल्या जुन्या पत्रांना आणखी वेगळे नियम आहेत. टेबलावर विचारा, ते न कंटाळता सांगतात.